पबमधली ड्राफ्ट बिअर घरी नेताना: बाटली, नळी आणि नाका

पार्सल आणलेली ड्राफ्ट, म्हणजे नळाची, बिअर घरी पाणचट लागली की लोक पबला नावं ठेवतात. बहुतेक वेळा बिअर चांगलीच असते, ती भरताना बिघडलेली असते. केगमधली, म्हणजे पबच्या धातूच्या पिंपातली, बिअर साधारण ३-४ अंशांवर आणि दाबाखाली असते, म्हणून गॅस तिच्यात मुरून राहतो. नळापासून तुमच्या ग्लासापर्यंत थंडी किंवा दाब जिथे सुटेल तिथे गॅसही सुटतो. फेस म्हणजे बिअरमधून पळालेला गॅस, एवढं डोक्यात असलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आधी परवान्याचं विचारा

आपल्या बेळगावात, म्हणजे कर्नाटकात, सीएल-२ हा घरी नेण्यासाठी दारू विकणाऱ्या दुकानाचा परवाना आणि सीएल-९ हा बसून पिण्याच्या बारचा. नळाची बिअर देणाऱ्या प्रत्येक जागेला ती बांधून देता येते असं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मायक्रोब्रुअरींना (स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबना) पार्सलची मुभा मिळाली होती, पण ती तात्पुरती होती. त्या आठवणीवर आज काउंटरला वाद घालू नका. फोन करून सरळ विचारा, ‘ड्राफ्ट पार्सल देता का, बिल मिळेल का?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर तिथून घेऊ नका. बिलाचं महत्त्व शेवटी येईल. वय २१ पूर्ण नसलेल्या पोराला तर बाटली आणायलासुद्धा पाठवू नका.

बाटली

सर्वात चांगली म्हणजे तपकिरी जाड काचेचा किंवा दुहेरी स्टीलचा ग्राउलर, म्हणजे बिअर घरी नेण्याची घट्ट झाकणाची बाटली, एक किंवा दोन लिटरची. तपकिरी यासाठी की पांढऱ्या काचेतून ऊन गेलं की हॉप्समधला (बिअरमध्ये घालतात त्या फुलांमधला) कडवटपणा देणारा घटक तुटतो आणि बिअरला एक कुबट, नकोसा वास येतो. एप्रिलच्या दुपारी त्याला फार वेळ लागत नाही. हिरवी काचही फारशी वाचवत नाही.

बाजारात तेल-पाण्यासाठी क्लिपच्या झाकणाच्या देखण्या बाटल्या मिळतात. त्यातल्या चौकोनी बाटल्या बिअरला वापरू नका, अगदी एकदासुद्धा. आतून दाब आला की सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि काच तिथून जाते. गोल, जाड आणि दाबाच्या पेयासाठीच बनवलेली बाटली हवी. ग्राउलर नसेल तर कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली चालते, कारण ती गॅसचा दाब धरण्यासाठीच केलेली असते. पाण्याची पातळ बाटली चालत नाही. दुधाची किटलीही नको. स्टील चांगलं असलं तरी तिचं झाकण दाब धरत नाही, आणि घरी पोचेपर्यंत अर्धा गॅस रस्त्यात गेलेला असतो.

धुताना कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा वापरा, मग साध्या पाण्याने चार वेळा खळबळा. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा नुसता पापुद्रा राहिला तरी फेस टिकत नाही. आतून फडक्याने पुसू नका. झाकणाचा रबरी वायसर काढून बघा. तो कडक झाला असेल, त्यावर बारीक चिरा असतील, तर बदला. बाकी कितीही नीट केलं तरी खराब वायसर रात्रभरात सगळं वाया घालवतो.

कधी जायचं

शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी, पण गर्दी उसळायच्या आधी. त्या दिवसांत केग लवकर संपतात, म्हणून बिअर ताजी असते, आणि गर्दीच्या आधी गेलात तर काउंटरवरच्या माणसाला तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड असते. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. रात्रभर पाइपमध्ये उभी राहिलेली बिअर पहिल्या धारेला येते. गणपती विसर्जन, मतदान आणि ड्राय डे आधी बघून ठेवा.

भरण्यापूर्वी घोटभर चाखायला मागा. लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर पाइप धुतलेले नाहीत. गव्हाची बिअर फेसाळ असते, तिला भरायला जास्त धीर लागतो. पहिल्यांदाच नेत असाल तर लागर, म्हणजे नेहमीची हलकी, नितळ बिअर, घ्या.

भरणं: इथेच सगळं बिघडतं

यावर जितके सल्ले मिळतात त्यातले निम्मे उलटे असतात, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला चुकीचा सल्ला म्हणजे ‘बाटली फ्रीझरमध्ये ठेवून न्या.’ बाटली थंड हवी हे खरं, पण आतून दहिवर किंवा बर्फाचे कण धरले की प्रत्येक कणावर गॅसचे बुडबुडे तयार होतात आणि बिअर उसळते. कोरडी, गरम बाटली तर त्याहून वाईट. बाटली थंड आणि आतून ओली हवी. पबमध्येच बर्फाचं पाणी मागा, बाटलीत भरून दोन मिनिटं ठेवा, ओतून टाका, उपडी करून निथळा आणि लगेच भरायला द्या. मध्ये गप्पा नकोत.

दुसरा चुकीचा सल्ला, ‘नळ अर्धा उघडा, म्हणजे फेस कमी येईल.’ होतं नेमकं उलटं. अर्ध्या उघड्या नळात बिअर अरुंद फटीतून घासत येते, तिथेच घुसळते आणि गॅस सोडते. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा आणि एका झटक्यात पूर्ण बंद करायचा. काउंटरवरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर ‘अण्णा, पूर्ती ओपन माड्री’ म्हणा. फेसाला कन्नडमध्ये ‘नोरे’ म्हणतात. हे दोन शब्द माहीत असले की बरीच बिअर वाचते.

आता नळी. नळाच्या तोंडातून थेट बाटलीत ओतली तर बिअर फूटभर खाली आपटते. बाटली तिरकी धरूनही उपयोग होत नाही, कारण अरुंद गळ्यातून आलेली धार समोरच्या काचेवरच आदळते. नळाच्या तोंडावर घट्ट बसणारी, खाण्यापिण्याच्या दर्जाची सिलिकॉनची नळी हवी, बाटलीच्या उंचीपेक्षा चार बोटं लांब. बऱ्याच ठिकाणी ती नळालाच अडकवलेली असते. ती आतून चिकट असेल तर धुवून घ्यायला सांगा किंवा स्वतःची न्या. ‘घट्ट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नळी सैल असली तर बाजूने हवा ओढली जाते आणि बाटलीत नुसता फेस जातो. मग लोक म्हणतात नळीने काही फरक पडत नाही.

क्रम असा. नळ उघडून पहिली धार दुसऱ्या ग्लासात सोडायची, कारण नळाच्या धातूत गरम झालेली तेवढी बिअर फेसच देते. मग नळी लावून तिचं टोक बाटलीच्या तळाला टेकवायचं आणि नळ पूर्ण उघडायचा. सुरुवातीला चार बोटं फेस येईल, येऊ द्या. बिअर वर चढत जाईल तशी ती फेस वर ढकलते आणि फेस बाटलीतली हवा बाहेर ढकलतो. ही हवा बाहेर जाणं फार महत्त्वाचं आहे. आत राहिलेल्या हवेतला ऑक्सिजन एका रात्रीत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतो. नळीचं टोक सारखं बिअरच्या आत बुडालेलं हवं, वर उचलायचं नाही.

गळ्याशी आल्यावर नीट बघा. आधी मोठमोठ्या बुडबुड्यांचा भरड फेस बाहेर सांडतो. त्याच्यामागून सायीसारखा दाट, बारीक फेस येतो. तो दिसला की नळ बंद करा आणि नळी सावकाश बाहेर काढा. नळीने व्यापलेली जागा मोकळी होऊन बिअर थोडी खाली बसते आणि गळ्यात फेसच राहतो. त्या फेसावरच झाकण लावायचं, त्याच क्षणी. ‘फेस बसला की आणखी थोडी भरून देतो’ असं म्हटलं तर नको म्हणा. फेस बसेपर्यंत त्याची जागा हवेने घेतलेली असते. गळ्यातली दोन-तीन बोटं जागा तशीही हवीच. काठोकाठ भरलेली काचेची बाटली गरम झाली तर फुटू शकते.

सांडलेला फेस बघून काउंटरवरचा माणूस नाराज होतो. त्याचंही बरोबर आहे, माल त्याचा जातो. म्हणून भरण्याआधीच सांगा, ‘सांडेल तेवढं बिलात धरा.’ लिटरमागे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण हे पैसे वाचवायला जाऊन बिअर घालवू नका.

आणि कधी थांबायचं तेही ठरवून ठेवा. बाटलीचा पाव भाग भरल्यावरही खाली नितळ बिअर न दिसता फेसच येत असेल, तर केग गरम आहे किंवा पाइप. नळ फुरफुरत असेल तर केग संपत आलाय. दोन्ही वेळा भरणं बंद करायला सांगा, नवा केग लागेपर्यंत थांबा किंवा परत जा. फेस बसवत, पुन्हा भरत, पुन्हा बसवत पूर्ण केलेली बाटली घरी उघडाल तेव्हा तिच्यात गॅस उरलेला नसतो.

झाकण लावलं की बाटली क्षणभर उलटी करून गळत नाही ना ते बघा.

रस्ता

स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. खाली इंजिन असतं, आणि बेळगावच्या काँग्रेस रोडला रेल्वे गेट पडलं की त्या दहा मिनिटांत डिकी तापते. जाड पिशवीत किंवा आइसबॉक्समध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसते बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणी टेकतात, बर्फाचं पाणी तिला सगळीकडून कवटाळतं. उन्हाळ्यात ओलं गोणपाट गुंडाळलं तरी बरंच काम होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र हवाच इतकी दमट असते की गोणपाटातलं पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. बाटली उभीच ठेवा. वाटेत ‘गॅस सोडायला’ झाकण उघडू नका.

घोटभर चाखण्यापलीकडे प्यायला असाल तर गाडी दुसऱ्याने चालवायची. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती लोकांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते.

नाका

आपल्या सीमाभागात बाटली नेण्याचा प्रश्न वेगळाच आहे. बेळगावात घेतलेली बाटली शिनोळीपलीकडे चंदगडला पाहुण्यांकडे न्यावी किंवा निपाणीहून कोगनोळी ओलांडून कागलला न्यावी, असं सहज मनात येतं. अंतर तासाभराचंही नसतं. पण तिथे राज्य बदलतं आणि अबकारीही बदलते. दुसऱ्या राज्याची दारू परवान्याशिवाय आत आणणं हा महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने कणकुंबीकडे येतानाही तसंच, तिथे कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा लागतो. त्यात ड्राफ्टची बाटली सर्वात अडचणीची. सीलबंद बाटलीवर निदान अबकारीचं लेबल असतं, कुठला माल ते कळतं. तुमच्या ग्राउलरवर काहीच नसतं. ‘एकच बाटली आहे, साहेब’ हे तिथे उत्तर होत नाही. ड्राफ्ट सीमेपलीकडे नेऊच नका, पाहुण्यांना इकडे बोलवा. जिल्ह्याच्या आत, खानापूरला किंवा हुक्केरीला नेतानाही तारीख आणि वेळ असलेलं बिल बाटलीबरोबर ठेवा.

घरी

आल्यावर तासभर फ्रीजमध्ये उभी ठेवा. हादरे बसलेली बाटली लगेच उघडली तर उसळते. फ्रीझरमध्ये नको, बिअर उणे दोन-अडीच अंशांना गोठायला लागते आणि काच तडकते. त्याच रात्री प्या. नीट भरलेली, न उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. उघडलेली मात्र त्याच बैठकीत संपवायची, म्हणून दोघेच असाल तर दोन लिटरची एक घेण्यापेक्षा लिटरच्या दोन घ्या.

ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा. बाटली रिकामी झाली की सकाळची वाट न बघता तिथेच पाण्याने खळबळून घ्या, आणि वायसर काढून, झाकण उघडं ठेवून उपडी घाला.