‘परवा’ म्हणजे कधी? एआयकडून मीटिंगचं टिपण लिहून घेताना

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनिंग बघते. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग: प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच आणि मी. वीस मिनिटांची म्हणायची, चाळीस मिनिटं चालते. टिपण लिहायचं काम कायम माझ्याच गळ्यात (सहा जणांत बाई मी एकटी, काय ते समजा). त्यामुळे कंपनीने एआयकडून टिपण घ्यायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. तो आठच दिवस टिकला.

सोमवार होता. डिस्पॅचचे काका म्हणाले, ‘नाशिकचे साडेतीनशे नग ना? परवाची गाडी.’ एआयने लिहिलं, माल शनिवारी गेला. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. समोर बसलेल्याला ते कळतं, यंत्राला नाही. काम ‘झालेल्या’ यादीत गेलं आणि टिपण वाचून गाडी सांगणाऱ्या पोराने गाडी सांगितलीच नाही. बुधवारी संध्याकाळी नाशिकहून फोन आला तेव्हा नग पॅलेटवर, प्लास्टिक गुंडाळून, आमच्याच गेटाजवळ.

तर आता मी हे असं करते.

आधी बोलणं सुधारायचं, यंत्र नंतर. ‘परवा’, ‘एक-दोन दिवसांत’, ‘संध्याकाळपर्यंत’ हे शब्द आमच्या मीटिंगमध्ये बंद. वार आणि तारीख, दोन्ही बोलायचं. आकड्यांचंही तेच. पावणेदोनशे, अडीचशे, दीड हजार हे आपल्या तोंडात बसलेले, पण टिपणात पावणेदोनशेचे दोनशे झालेले मी पाहिलेत. म्हणून ‘पावणेदोनशे, म्हणजे एक-सात-पाच’ असं पुन्हा म्हणायचं. पहिले दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवशी काका स्वतःहून म्हणाले.

मग शब्दांचं एक पान. मशीनना आमच्याकडे टोपणनावं आहेत. एका जुन्या लेथला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. ‘म्हातारी सकाळपासून बसलीय’ याचं एआयने काय केलं असेल ते सांगत नाही. पार्टची नावं, मशीनची नावं, कोणाला दादा म्हणतात आणि कोणाला सर, हे एका पानावर लिहून ठेवा आणि दर वेळी टिपण मागताना ते सोबत द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

टिपण मागताना मी हे शब्द वापरते, जसेच्या तसे उचला:

‘या मीटिंगचं टिपण मराठीत दे. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिही: काम काय, कोण करणार, वार आणि तारीख, आणि तो माणूस जे बोलला ते वाक्य न बदलता. तारीख बोलली गेली नसेल तर “तारीख ठरली नाही” असं लिही, अंदाज करू नकोस. कोणी नुसतं “बघतो”, “सांगतो”, “होऊन जाईल” म्हणाला असेल तर ते काम “कबूल नाही” या वेगळ्या यादीत टाक.’

ती ‘कबूल नाही’ची यादी म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं फळ. ‘बघतो’ म्हणजे कधी ‘करतो’, कधी ‘आत्ता विषय वाढवू नका’, आणि मेंटेनन्सवाल्यांच्या तोंडी बहुतेक वेळा ‘नाही’. एआय सुरुवातीला प्रत्येक ‘बघतो’ला काम समजून त्या माणसाच्या नावावर चढवायचा. मग तो माणूस भडकायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. आता मीटिंग संपताना मी ती यादी वाचते आणि एवढंच विचारते, ‘दादा, हे करताय की नाही?’ नाही म्हटलं तरी चालतं. मला दुसरा माणूस शोधता येतो.

मूळ वाक्य मागण्याचं कारण आहे. बोलणं उतरवून घेणारी ही यंत्रं कधीकधी कोणी न बोललेली वाक्यं लिहितात. ओपनएआयचं व्हिस्पर हे असंच यंत्र. २०२४ मध्ये संशोधकांनी ते तपासलं तेव्हा रेकॉर्डिंगच्या सुमारे १ टक्का तुकड्यांत अशी मनची वाक्यं सापडली, आणि जिथे बोलण्यात लांब शांतता होती तिथे ती जास्त होती. आमच्याकडे स्टोअरवाला रजिस्टर आणायला उठतो, ती शांतता चांगली तीन मिनिटांची असते. वाक्य समोर असलं की ज्याचं त्याला लगेच कळतं, ‘हे मी बोललोच नाही.’

म्हणून टिपण छापून अकराच्या आत फिरवायचं. प्रत्येकाने आपल्या नावापुढची ओळ वाचायची, चूक असेल तर पेनाने खोडायची, सही करायची. कागद का, असं आयटीवाले विचारतात. कारण मशीनवर उभा असलेला माणूस ईमेल वाचत नाही.

रेकॉर्डिंग कधी बंद ठेवायचं हेही आधी ठरवा. रिजेक्शन का झालं याची चर्चा निघाली की मी बंद करते. चालू असेल तर कोणीही ‘गेज (माप तपासायचं साधन) न लावता पुढे सोडलं’ असं कबूल करणार नाही, सगळे ‘मटेरियल खराब होतं’ म्हणतील. माझ्यासमोर असं दोनदा झालंय. ही चर्चा मी हाताने लिहिते, नाव न घालता. आणि नवीन माणूस आला, ठेकेदाराचा असला तरी, तर त्याला रेकॉर्डिंग चालू आहे हे तोंडाने सांगायचं, कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर सोडायचं नाही.

घाईत कोणी घरच्या फोनवरच्या फुकट चॅटबॉटमध्ये टिपण टाकत असेल तर थांबवा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि त्यानंतर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ती वापरू नका असं कर्मचाऱ्यांना कळवलं. आमच्या टिपणात ग्राहकाच्या ड्रॉइंगचे नंबर असतात, भाव असतात. कंपनीने दिलेलं खातं सोडून कुठेच नाही.

सह्या झाल्या की रेकॉर्डिंगचा उपयोग संपतो, मग ते पुसायचं. आमच्याकडे सात दिवस ठेवतात. मी तीनच मागितले होते, साहेब म्हणाले, ‘बघतो.’