सिम्युलिंकमध्ये रडारचा पल्स दिसेना, शेवटी असा सापडला

बीईचा प्रोजेक्ट, पल्स रडारचा ट्रान्समीटर. कोथरूडच्या रूमवर दोन रात्री नुसती स्कोपवरची (सिग्नलचा आलेख दाखवणारी खिडकी) सरळ रेघ बघत बसलो होतो. सिम्युलिंक, म्हणजे मॅटलॅबच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधलं मॉडेल तसं साधंच, पल्स जनरेटर, साइन वेव्ह (हाच कॅरियर, म्हणजे पल्समध्ये भरायची लहर) आणि दोघांचा गुणाकार करणारा प्रॉडक्ट ब्लॉक. पीआरएफ (सेकंदाला किती पल्स) 1 किलोहर्ट्झ, पल्स 1 मायक्रोसेकंदाचा.

पहिला घोळ माझाच, पल्स विड्थच्या खान्यात मी सेकंदात आकडा टाकला होता, तिथे पीरियडच्या (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ) टक्क्यांत द्यायचा असतो, म्हणजे 0.1. तो बदलला, तरी रेघ ती रेघच!

मग रूममेट चहाचा कप घेऊन मागे उभा राहून म्हणाला, "अरे, सॉल्व्हर बघितलास का?" सॉल्व्हर म्हणजे वेळेच्या किती अंतराने गणित करायचं ते ठरवणारी सेटिंग. ती डिफॉल्टला व्हेरिएबल स्टेप होती, रन 10 मिलिसेकंदांचा, त्यामुळे सॉल्व्हर 0.2 मिलिसेकंदांच्या ढांगा टाकत होता आणि मधल्या पल्सच्या आत कॅरियर काय करतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. 10 गिगाहर्ट्झचा खरा कॅरियर तर लॅपटॉपवर विसराच, मी त्याऐवजी 10 मेगाहर्ट्झचा आयएफ (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे मधली, कमी फ्रिक्वेन्सी) धरला. फिक्स्ड स्टेप, 10 नॅनोसेकंद, म्हणजे एका सायकलला 10 सॅम्पल. पल्स जनरेटरही सॅम्पल-बेस्ड केला, पीरियड 1,00,000 सॅम्पल, विड्थ 100 सॅम्पल (इथे टक्के नाहीत हं, परत फसू नका). रन केलं, झूम केलं, आणि मोजून दहा सायकल दिसल्या!

पल्स चालू असतानाची पीक पॉवर 1 किलोवॅट धरली तर ॲव्हरेज पॉवर फक्त 1 वॅट येते, हे गणितही लगेच जुळलं.