स्कॉट्समध्ये लिहायचंय? मग स्पेलिंग कुठलं धरायचं?

स्कॉटलंडमध्ये राहताय आणि स्कॉट्स, म्हणजे तिथली इंग्रजीच्या जवळची भाषा, लिहून बघावंसं वाटतंय, तर पहिल्याच ओळीला अडायला होतं, कारण सगळ्यांनी मानलेलं असं एकच स्पेलिंग या भाषेला नाहीये. 2022 च्या जनगणनेत 15 लाखांवर लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं, 2025 च्या कायद्याने अधिकृत दर्जाही मिळाला, तरी स्पेलिंगचा घोळ आहे तिथेच आहे.

आधी बोली पक्की करा, तुमच्या आजूबाजूला ऐकू येते तीच. ग्लासगोकडे 'काय'ला व्हिट म्हणतात, ॲबरडीनकडच्या डोरिकमध्ये फिट, आणि शेटलंडला टी-एचचा चक्क डी होतो. असे फरक दाबू नका, एफ ऐकू येतो ना, मग एफच लिहा.

पण प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहायला गेलात तर दुसऱ्या गावच्याला ते वाचवणार नाही. इथे यू-आय ही जोडी फार कामाची आहे. 'चांगला' या अर्थाचा शब्द जी-यू-आय-डी असा लिहिला की मध्य स्कॉटलंडचा माणूस तो गिड वाचतो आणि डोरिकवाला ग्वीड, 'चंद्र' एम-यू-आय-एन लिहा, एक मिन म्हणेल दुसरा मीन, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. मला तरी हाच सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो, जिथे एका स्पेलिंगमध्ये सगळ्यांचे उच्चार मावतात तिथे ते मोडूच नये.

ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे गळालेल्या अक्षराच्या जागी देतात ते वरचं चिन्ह, काढून टाका. ती 18व्या शतकात इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी घुसली आणि तिच्यामुळे स्कॉट्स म्हणजे अक्षरं गळालेली इंग्रजी असं वाटायला लागतं. एडिनबरातल्या कवींनी 1947 मध्येच नियमावली करून ती नको म्हटलं होतं.

'घर'ला हूस म्हणतात, ते डबल ओने लिहायचं की ओ-यूने, दोन्ही चालतं, पण एक धरलं की 'गाव'च्या टूनलाही तेच लावा.

अडलं तर डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज ऑनलाइन फुकट आहे. त्यात एकेका शब्दाची ढीगभर स्पेलिंग्ज सापडतात, कुठल्या भागातली तेही दिलेलं असतं, तुमच्या बोलीचं निवडा आणि स्वतःची यादी करत जा. आणि नुसती इंग्रजी वाक्यं घेऊन स्पेलिंग बदलू नका प्लीज, स्कॉट्स विकिपीडियावर नेमकं तेच वर्षानुवर्षं चाललं होतं, 2020 मध्ये ते उघड झालं आणि भाषा बोलणारे लोक फार दुखावले. लिहून झालं की तिथल्याच कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, जिथे ते अडखळतील तेवढं दुरुस्त करा.