लहान विमानतळावरून लहान विमानतळाकडे निघताना

परदेशात नोकरी लागते एका लहान गावात आणि जिवाभावाचं माणूस असतं दुसऱ्याच लहान गावात. दोन्हीकडे विमानतळ, नकाशावर अंतर ३०० किलोमीटर. मग वाटतं, शनिवारी जाऊन रविवारी परत येऊ. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी हे वाचा.

इंटरनेटवर दिसणारं अंतर बहुतेक वेळा सरळ, हवाई असतं. मध्ये डोंगर किंवा खाडी असेल तर रस्ता त्याच्या दीडपटसुद्धा निघतो. शिवाय आकड्यापुढचं एकक बघा. वैमानिकांचे आकडे सागरी मैलांत असतात आणि १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

अशा मार्गांवर बहुधा एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं असतात, वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर. त्या हिशेबानं ३०० किलोमीटर ३६ मिनिटांत व्हायला हवेत, पण वेळापत्रकात तासभर दिसेल. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यात आलं. एवढ्या कमी अंतरात जेटही फारशी वेळ वाचवत नाही. आणि दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेल्या असतात, हे विसरू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन लहान विमानतळांमध्ये थेट विमान क्वचितच असतं. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये जेमतेम २.७ किलोमीटरसाठी थेट विमान आहे, पण मध्ये समुद्र आहे म्हणून. एरवी तुम्हाला आधी मोठ्या विमानतळावर जावं लागतं, कधी कधी अगदी उलट दिशेला, आणि तिथे दोन-तीन तास थांबून दुसरं विमान. घराच्या दारापासून त्या दारापर्यंत सहा-सात तास सहज जातात. रस्त्यानं किंवा रेल्वेनं पाच तासांत पोचत असाल तर मी विमानाचा विचारही करत नाही.

विमानानंच जायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. मी एकदा थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली. धुक्यामुळे पहिलं विमान दीड तास उशिरा उतरलं, दुसरं निघून गेलेलं, आणि ते दिवसातलं शेवटचं होतं. तिकीट वेगळं, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. रात्र बाकावर काढली आणि सकाळी पुन्हा तिकीट विकत घेतलं. एकच तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवून दिलं असतं. बॅगही सहसा शेवटपर्यंत परस्पर जाते.

म्हणून दिवसातलं शेवटचं जोडविमान घेऊ नका. गावाच्या नावावर न जाता विमानतळाचा तीन अक्षरी कोड तपासा: अमेरिकेतच पोर्टलंड एकाहून जास्त आहेत, जसं ओरेगॉनचं पीडीएक्स आणि मेनचं पीडब्ल्यूएम. रात्री पोचणार असाल तर न्यायला कोण येणार ते निघण्याआधीच पक्कं करा. लहान विमानतळावर शेवटचं विमान उतरलं की थोड्याच वेळात सगळं बंद होतं, आणि बाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही.