फंड गोळा करायच्या आधी खानापूरला एक फोन लावा

बेळगावात शिकून बाहेर गेलेले डॉक्टर आज जगभर आहेत, जेएनएमसी, म्हणजे इथलं मेडिकल कॉलेज, 1963 चं, म्हणजे किती बॅचेस झाल्या बघा, आणि प्रत्येक बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा असतोच. 2021 च्या एप्रिल-मेमधे गावाकडनं ऑक्सिजनच्या बातम्या यायला लागल्या तसा ह्या ग्रुपांवर एकच विषय, आपण काय पाठवूया. पुढची साथ कधी येईल देव जाणे पण आली की परत हेच होणार, म्हणून आत्ता निवांत असताना लिहून ठेवतो. मी बेळगावात बसून असल्या कामांची कागदपत्रं आणि पळापळ बघतो, त्यामुळं इकडच्या टोकाला काय अडतं तेवढंच सांगू शकतो.

पैसे जमवणं हे ह्यातलं सगळ्यात सोपं काम. डॉक्टर लोकांनी मनावर घेतलं की रक्कम उभी राहते. अडतं ते पुढं, ते पैसे कायद्यानं कुणाच्या खात्यात उतरणार, ऑक्सिजनचं मशीन कुणाच्या सहीनं ताब्यात घेणार आणि सहा महिन्यांनी त्याचा फिल्टर कोण बदलणार. म्हणून सुरुवात गावाकडनं करा, फंडाचं पेज नंतर बनवा.

फोन कुणाला आणि काय विचारायचं

ज्या भागाला मदत करायची तिथल्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला एक, तालुका हेल्थ ऑफिसरला एक, आणि जमलं तर एखाद्या आशाताईला एक. तिसरा फोन लोक विसरतात आणि खरी माहिती तिथंच मिळते. "काय पाहिजे?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर नेहमी "पाठवा की सर, काय पण चालतंय" असंच येणार. त्यापेक्षा असं विचारा: करंट दिवसातनं किती वेळा जातो, यूपीएस आहे का आणि त्याची बॅटरी जिवंत आहे का, रात्री सिस्टर असते का, सिलिंडर भरून कुठनं आणता, 108 फोन केल्यावर खरोखर किती वेळात येते, पेशंटला पुढं पाठवायचं तर बेळगावच्या सिव्हिलला जातात की गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला. आशाताईला विचारायचं की ऑक्सिमीटरचे सेल संपले तर कोण आणून देतं. ह्या उत्तरांवरनं तुमची अर्धी यादी आपोआप तयार होते.

आणि सीमाभाग म्हणून सगळं एका मापानं मोजू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याची जांबोटी-कणकुंबी बाजू म्हणजे धो धो पाऊस आणि जंगल, भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूर, देगाव असल्या गावांत पावसाळ्यात नाले भरले की गाडी आत जातच नाही, पेशंटला बांबूच्या स्ट्रेचरवर घालून चालत आणल्याच्या बातम्या पेपरात येतात. तिथं व्हेंटिलेटर देऊन काय करणार, तिथं लवकर ओळखणं आणि लवकर बाहेर काढणं हेच उपचार, म्हणजे ऑक्सिमीटर, चांगलं घडीचं स्ट्रेचर, नाल्याच्या अलीकडं उभी राहणारी जीप आणि तिच्या डिझेलचे पैसे. निपाणीत वेगळंच, घरात बसून बिडी वळणाऱ्या बायका, दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात, तिथं साथ ओसरल्यावरसुद्धा खोकल्याचे पेशंट तपासायची सोय लागते. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णाकाठ. 2021 च्या जुलैत कोरोना चालू असतानाच पूर आला होता, आणि यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं की निपाणीवाल्यांचा कोल्हापूरचा रस्ता तुटतो. सिलिंडर जर कोल्हापूरकडनं भरून येत असेल तर ऐन गरजेला तो पलीकडं अडकणार, म्हणून साठा जूनच्या आधी नदीच्या ह्या बाजूला आणून ठेवायचा. हे पुण्यात बसलेल्यालाही सुचत नाही, शिकागोत कुठनं सुचणार.

पैसे कुणाच्या खात्यात

इथं जरा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच. भारतातल्या संस्थेनं बाहेरच्या माणसाकडनं देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे 2010 चा परदेशी देणगीचा कायदा लागतो. संस्थेकडं त्याचं रजिस्ट्रेशन पाहिजे आणि ते पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या एफसीआरए खात्यातच उतरले पाहिजेत, हा नियम 2020 च्या दुरुस्तीपासनं आहे. रजिस्ट्रेशन मिळायला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान 15 लाख खर्च केलेली लागते. त्यामुळं "आपण आपलाच एक ट्रस्ट काढूया रे" हा ग्रुपवरचा जोशातला मेसेज तिथंच थांबवा. ठराविक देणगीदाराकडनं ठराविक कामासाठी ठराविक रकमेची आधी परवानगी घेता येते, पण ती लाटेच्या मधोमध मागून वेळेत मिळेल अशा भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट, त्याच दुरुस्तीनं एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलंय. म्हणजे बेंगळूरच्या मोठ्या संस्थेनं पैसे घ्यायचे आणि खानापूरच्या लहान मंडळाला वाटायचे हे चालत नाही, आधी चालायचं. आता मोठ्या संस्थेनंच स्वतः खरेदी करून स्वतः दवाखान्याला द्यायचं, खानापूरच्या पोरांनी फक्त हातभार लावायचा. आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पगार त्यात धरायचा की कामाच्या खर्चात, हे संस्थेच्या सीएला आधीच विचारून लेखी घ्या, नाहीतर वर्षअखेरीला डोकेदुखी.

आता ह्यातली सुटका. ज्यांच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. पासपोर्ट बदललेला असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असेल, तर मात्र ती परदेशीच. म्हणून ग्रुपवर शीट बनवताना पहिल्या दिवशीच दोन कॉलम करा, भारतीय पासपोर्टवाले आणि बाकीचे. पहिल्यांनी आपापल्या खात्यातनं थेट, पासपोर्टची कॉपी जोडून, इथल्या 80जी (देणगीवर टॅक्सची सूट) असलेल्या भरवशाच्या संस्थेच्या साध्या खात्यात पाठवायचं. दुसऱ्यांनी एफसीआरएवाल्या संस्थेकडं. दोन्ही पैसे एका डब्यात घातले की सगळाच डबा परदेशी होतो. वस्तूंचंही तसंच, तिकडनं मशीन पाठवलं म्हणजे देणगी नाही असं नाही, ती पण परदेशी देणगीच.

चुलतभावाच्या खात्यावर पाठवून "तू वाट" म्हणायचं तर करूच नका. नातेवाईकाला भेट पाठवता येते हो, पण पन्नास मित्रांचे पैसे त्याच्या नावावर घालून गावात वाटायला लावलं तर उद्या हिशोब विचारल्यावर बिचारा एकटा उभा राहणार, आणि गावात काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला येतं.

तिकडच्या बाजूनं एवढंच बघा की यूकेत असाल तर गिफ्ट एड ह्या तिथल्या सरकारी टॅक्स योजनेमधनं 100 पाउंडाचे 125 होतात, पण त्यासाठी तिथल्या रजिस्टर चॅरिटीमार्फत द्यावं लागतं. अमेरिकेत टॅक्सची सूट पाहिजे तर 501सी3, म्हणजे तिथली करसवलतवाली संस्था मधे लागते, भारतातल्या ट्रस्टला थेट दिलं तर ती मिळत नाही, आणि काही ठिकाणी तुम्ही दिलं तेवढंच कंपनी पण घालते, एचआरला एक मेल टाका. अमेरिकेतल्या एएपीआय किंवा यूकेतल्या बीएपीआयओसारख्या भारतीय डॉक्टरांच्या जुन्या संघटनांकडनं पाठवायचं असेल तर पैसे नक्की कुठल्या तालुक्याला जाणार हे आधी लेखी मागा, नाहीतर ते मोठ्या शहरात जिरतात आणि कणकुंबीपर्यंत काही येत नाही. ह्यात कुणाची लबाडी नसते, मोठी शहरं आधी दिसतात एवढंच.

काय घ्यायचं, आणि शक्यतो इथंच घ्या

तिकडनं मशीन पाठवायचा मोह आवरा. अमेरिकेतलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन काढणारं मशीन, 120 व्होल्टचं, 60 हर्ट्झचं, आपलं 230 आणि 50. ते गडबडीत प्लगला लावलं की गेलंच. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, हर्ट्झ नाही, आणि रात्री दोनला पीएचसीत एकटी सिस्टर असताना हे कोण बघणार. 2021 मधे सरकारनं ऑक्सिजनच्या सामानावरची कस्टम ड्युटी आणि मोफत आलेल्या मदतीवरचा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) काही महिने माफ केला होता, ती तेवढ्यापुरती सोय होती, कायमची आहे असं धरून कंटेनर भरू नका. इथं बेळगाव, हुबळी, कोल्हापूरच्या डीलरकडनं घेतलं तर फोन केल्यावर सर्व्हिसवाला निदान येतो तरी.

मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन की दहाचं, ह्यावर लोक खूप वाद घालतात. पीएचसीत पेशंटला पुढं नेईपर्यंत सांभाळायचं असतं, तिथं पाच पुरतं. तालुका दवाखान्याला दहा द्या. मशीनसोबत स्टॅबिलायझर घ्याच, कारण मशीनची घरघर चालू असते, नळीतनं हवा पण येते, आणि व्होल्टेज पडल्यामुळं किंवा दमट हवेनं आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) खराब झाल्यामुळं ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या वर असायच्या ऐवजी कुठंतरी सत्तरला आलेला असतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. शुद्धता मोजायचा लहान मीटर मिळतो, तालुक्याला एक घेऊन ठेवा, फिरवून वापरता येतो. मशीनला लावलेल्या, ऑक्सिजन ओला करायच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही.

आणि मशीन आलं म्हणून सिलिंडर काढू नका. हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाईट पावसात गेली की कधी येईल सांगता येत नाही. जंबो सिलिंडरमधे साधारण 7000 लिटर असतो, पाच लिटरच्या फ्लोनं जवळजवळ 23 तास, दहाच्या फ्लोनं त्याच्या निम्मे. लहान बी टाइपमधे 1500 लिटर, पाचच्या फ्लोनं पाच तास. खानापूरहून बेळगावला पोचायला हा लहान पुरतो, आतल्या गावातनं निघाला असाल तर दोन ठेवा. हा हिशोब कागदावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून सिलिंडरच्या बाजूला भिंतीवर चिकटवा, ह्याला खर्च शून्य.

औषधं पाठवू नका, आणि पाठवायचीच असतील तर इथं पोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक असणारीच. पोर्टेबल एक्स-रे द्यायचा असेल तर एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं रजिस्ट्रेशन लागतं हे विसरू नका. पीएसए प्लांटच्या, म्हणजे दवाखान्यातच हवेतनं ऑक्सिजन काढायच्या मोठ्या यंत्राच्या नादाला लहान ग्रुपनं लागू नये असं माझं स्पष्ट मत, 2021 नंतर कितीतरी प्लांट चालवायला माणूस नाही म्हणून नुसते उभे राहिले. शंभर रुपये जमले तर पंचवीस बाजूला काढा, फिल्टर, सेल, नळ्या, बॅटरी, डिझेल ह्यासाठी. देणगीदाराला हे पटत नाही, त्याला मशीनवर नाव पाहिजे असतं. मग स्टिकर जीपवर पण लावता येतो म्हणावं.

तुमचं ज्ञान पण पाठवा, पण नीट

व्हिडिओवर थेट पेशंट तपासायचा असेल तर भारतात रजिस्ट्रेशन लागतं, मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनमधे तसंच आहे. तुमचं इथलं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, नसेल तर पेशंटला सल्ला देऊ नका, इथल्या डॉक्टरला द्या. खरं तर तेच जास्त उपयोगी, पीएचसीच्या नवख्या डॉक्टरला रात्री कुणाला तरी विचारायचं असतं. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं, न्यूयॉर्क साडेनऊ, म्हणजे आपल्या रात्री दहाला लंडनवाला कामावरनं सुटलेला असतो आणि आपल्या पहाटे अमेरिकेवाला जागा असतो. दोघांची पाळी लावली की रात्रभराची सोय झाली.

कचेरीतलं

दवाखान्याला वस्तू द्यायचं पत्र कन्नडमधे द्या. घरात मराठी, बाजारात मराठी, सगळं खरं, पण डीएचओ, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात फाईल कन्नडमधेच हलते, आणि पेशंटचा ऑक्सिजन हा सीमाप्रश्न लढवायची जागा नाही. खाली मराठी प्रत जोडा, कुणी नको म्हणत नाही. गावात वाटायची माहितीपत्रकं मात्र त्या गावाच्या बोलीत पाहिजेत, खानापूरला "दम लागूलालाय का" असं लिहिलं तर म्हातारीला लगेच कळतं, "श्वसनास त्रास" लिहिलं तर ती कागद चुलीत घालणार.

मशीन देताना ताबा पावती घ्या, त्यावर सीरियल नंबर, मेडिकल ऑफिसरची सही-शिक्का आणि स्टॉक रजिस्टरचं पान नंबर. पान नंबर महत्त्वाचा, रजिस्टरला चढलं नाही तर डॉक्टरची बदली झाली की मशीन कुणाचंच नाही. पीएचसीच्या आरोग्य रक्षा समितीत पंचायतीचे लोक असतात, त्यांच्यासमोर द्या, फोटो तिथंच काढा. पेशंटचा चेहरा फोटोत नको, नळी लावलेला तर अजिबात नको, देणगीदारांनी कितीही मागितला तरी.

एफसीआरएवाली संस्था वर्षाचा रिटर्न, एफसी-4, 31 डिसेंबरच्या आत भरते, त्याची कॉपी मागून ग्रुपवर टाका. आणि पैसे उरले तर काय करायचं हे सुरुवातीलाच संस्थेबरोबरच्या पत्रात लिहून घ्या, कारण साथ ओसरली की ग्रुप थंड पडतो आणि नंतर विचारायला कुणी राहत नाही. टीबी, बाळंतपणाची गाडी, पावसाळ्यातलं डिझेल, ह्यातलं काहीही एक लिहा, पण तालुक्याचं नाव घालून लिहा.