जुन्या डेस्कटॉपला क्वाड-कोर (चार कोरचा) प्रोसेसर बसवताय? मग या चुका टाळा

आमच्या डीटीपीच्या टेबलावर २०११ सालचा एक पीसी अजून चालतो. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, म्हणजे दोनच कोर (काम करणारे भाग). लग्नसराईत कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं की माउस अडखळायला लागायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड आय५-३४७० दोन हजारांच्या आत मिळाला. चार कोर, ७७ वॅट, सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) तेच. घरी येऊन जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. पंखा मस्त फिरतोय, पण मॉनिटर काळाकुट्ट.

मग रॅम काढून खोडरबरने घासली, बोर्डवरचा सेल काढून परत घातला, केबली बदलल्या. शेवटी दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावलेही. चूक माझीच होती, आणि असा अपग्रेड करणारे निम्मे लोक तीच चूक करत असावेत.

बायोस आधी, प्रोसेसर नंतर

एच६१ बोर्ड बाजारात आले २०११ मध्ये, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी. तिसरी पिढी आली २०१२ मध्ये. सॉकेट दोन्हींचं एकच, एलजीए ११५५, त्यामुळे चिप बसते अगदी चपखल. पण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, २०११ चं असेल तर तिसऱ्या पिढीची चिप त्याला ओळखूच येत नाही. आणि बायोस अपडेट करायचं तर मशीन सुरू व्हायला हवं, म्हणजे जुना प्रोसेसर आत असतानाच ते काम उरकायला हवं. मी तो काढून डबीत ठेवून मोकळा झालो होतो. परत बसवला, अपडेट केलं, पुन्हा आय५ घातला, आणि पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला.

तेव्हा चिप विकत घेण्याआधीच विंडोजच्या 'रन' मध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा. बोर्डचं नाव आणि बायोसची आवृत्ती तिथे दिसते. बोर्ड नीट ओळखू आला नाही तर सीपीयू-झेड (CPU-Z) हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची प्रोसेसर यादी उघडा. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. यात एक गोम आहे: एकाच मॉडेलच्या रिव्हिजन (सुधारित आवृत्त्या) वेगवेगळ्या असतात आणि त्यांच्या फायलीही वेगळ्या. रिव्हिजन नंबर बोर्डवरच कोपऱ्यात बारीक छापलेला असतो, टॉर्च मारून वाचा. काही बोर्डांना बायोसची मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, म्हणून फायलीसोबतची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि हे काम यूपीएसवरच करा. फ्लॅशिंग (नवं बायोस लिहिणं) अर्ध्यावर असताना लाइट गेली तर बोर्ड हातचा गेलाच समजा.

चिपवरचं शेवटचं अक्षर वाचा

आय५-३४७० ला चार कोर आहेत. आय५-३४७०टी ला दोनच! आकडा तोच, पुढे फक्त एक 'टी', आणि तुमचा सगळा खटाटोप पाण्यात. दुकानात चिप हातात घेऊन उजेडात तिरकी धरा आणि झाकणावरचं कोरीव नाव स्वतः वाचा.

'पी' अक्षराचंही तसंच. आय५-३३५०पी मध्ये ग्राफिक्स नाही. झीऑन ई३-१२३० व्ही२ (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) ला चार कोर आणि आठ थ्रेड, म्हणजे एकावेळी चालणारी आठ कामं, असतात, पण त्यातही ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. शिवाय झीऑन सगळेच एच६१ बोर्ड घेतात असं नाही, त्यालाही तीच यादी बघायची.

११५६, ११५५, ११५०, ११५१ हे सॉकेटचे आकडे ऐकायला भावंडांसारखे असले तरी एकाची चिप दुसऱ्यात चालत नाही. खाचा जुळत नसतील तर दाबू नका. पिना चिपला नसून बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, आणि केसासारखी एक पिन वाकली तरी बोर्ड बाद होऊ शकतो.

कूलरचा चौथा पाय

इंटेलच्या कूलरला, म्हणजे प्रोसेसरवरच्या पंख्याला, चार पाय असतात आणि एक हमखास अर्धवट बसतो. वरून बघितलं तर चारही बसल्यासारखे वाटतात. बसवण्याआधी पायांच्या टोप्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून घ्या. बाण सोडवण्यासाठी असतो. मग समोरासमोरचे तिरपे दोन पाय एकदम दाबा, 'टक' असा आवाज यायला हवा. नंतर बोर्डच्या मागून बघा, चारही क्लिपा पूर्ण बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. एक पाय जरी सैल राहिला तरी बायोसच्या पडद्यावरच तापमान ८० अंशांच्या पुढे सरकतं. प्रोसेसर जळत नाही, पण स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मग आपण म्हणतो, 'जुनाच बरा होता'.

प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, पोळीला तूप लावल्यासारखी थापू नका. आय७-२६०० सारखी ९५ वॅटची चिप घेतली असेल तर आय३ चा बुटका कूलर बदलून मधे तांबं असलेला घ्या.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

बायोसची खात्री असेल तर सॉकेटजवळची चार पिनांची छोटी पॉवर केबल बघा. ती राहिली तरी पंखे फिरतात. मग एकच रॅम ठेवून सुरू करा. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच्यात आहे ना, तेही बघा.

विंडोज आली पण टास्क मॅनेजर दोनच कोर दाखवतोय? 'रन' मध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) उघडा आणि बूट टॅबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली प्रोसेसरच्या संख्येची टिक काढा. 'वेग वाढवा' छापाचे व्हिडिओ बघून ती कोणीतरी केलेली असते.

आणि तरीही हळूच?

मग प्रोसेसरचा दोष नव्हताच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २० वर असेल तर कितीही कोर घाला, उपयोग नाही. आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) घाला. एच६१ चे डिस्क जोडायचे पोर्ट जुन्या, कमी वेगाच्या साटा-२ चे, तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम शोभेपुरतीच.

विंडोज ११ ची आशा मात्र ठेवू नका. अधिकृतपणे तिला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या मशीनवर आता फक्त डिझाइनचं काम होतं. बँकेचे व्यवहार दुसऱ्या मशीनवर, आणि जुना आय३ डबीत, कारण बायोस पुन्हा जुन्या आवृत्तीवर गेलं तर तोच लागणार.