पैसे कापले पण ऑर्डर नाही: पेमेंट गेटवे जोडताना या चुका टाळा

महापे-ऐरोली पट्ट्यात गेली बारा वर्षं लोकांच्या साइटला पेमेंट जोडून देतोय, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन मुलगा तोच प्रॉब्लेम घेऊन येतो, सर, कस्टमरचे पैसे कापले गेले पण आपल्याकडे ऑर्डर पेंडिंगच दिसतेय. मी कोड न बघता विचारतो, ऑर्डर पेड कुठे मार्क करतोस रे? उत्तर ठरलेलं, सक्सेस पेजवर, म्हणजे पैसे भरल्यावर कस्टमरला दिसतं त्या आपल्या पेजवर.

ही चूक मी स्वतः केलीये, म्हणून नीट सांगतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या एका हापूसवाल्या दादांची बुकिंग साइट केली होती. पेटी निवडायची, कार्ड नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग गेटवे, म्हणजे आपल्या साइटसाठी बँकेकडून पैसे घेऊन देणारी सेवा, ब्राउझरला परत आमच्या पेजवर पाठवणार आणि ते पेज उघडलं की ऑर्डर पेड. टेस्टिंग सगळं ऑफिसच्या वायफायवर, एकदाही फेल नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात लोक संध्याकाळी घरी जाताना लोकलमध्ये बुकिंग करायला लागले. तेव्हा फास्ट लोकल ठाणं सोडलं की पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा, आत नेटवर्क गुल. ओटीपी कळव्याच्या आसपास टाकलेला, बँकेने पैसे कापले, आणि ब्राउझर परत यायच्या वेळी फोन बोगद्यात. आमचं पेज उघडलंच नाही. वर आमचाच एक क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्रॅम, अर्ध्या तासाने पेंडिंग ऑर्डर रद्द करून पेटी परत स्टॉकला टाकायचा, म्हणजे पैसे दादांकडे, ऑर्डर रद्द, आणि ती पेटी तिसऱ्यालाच विकलेली. काहींनी घाबरून दुसऱ्यांदा पेमेंट केलं. रात्री अडीचपर्यंत गेटवेच्या डॅशबोर्डची यादी आणि आमच्या ऑर्डरची एक्सेल शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली, सकाळी दादा स्वतः एकेकाला फोन करत बसले. ऐन सीझनमध्ये.

तेव्हापासून माझा नियम: ब्राउझर काय म्हणतो त्यावर पैशाचा निर्णय घ्यायचा नाही. सक्सेस पेज फक्त कस्टमरला दिलासा द्यायला. ऑर्डर पेड होणार ती वेबहूकवरून, म्हणजे गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो त्यावरून. वेबहूकही कधी चुकतो, आपला सर्व्हर नेमका तेव्हा बंद असतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पेंडिंग ऑर्डरचं स्टेटस गेटवेला विचारणारा क्रॉन मी लावतोच, आणि विचारल्याशिवाय एकही ऑर्डर रद्द करत नाही. तोच वेबहूक दोनदा येऊ शकतो हेही लक्षात ठेवा. पेमेंट आयडीवर डेटाबेसमध्ये युनिक लावा, म्हणजे एक आयडी एकदाच घेतला जाईल, नाहीतर एकाच पेमेंटवर दोन पेट्या जातील. आणि मी आलेला मजकूर आधी जसाच्या तसा सेव्ह करतो, सिग्नेचर, म्हणजे मजकूर खरंच गेटवेचा आहे हे सांगणारी खूण, त्याच्यावरच तपासतो, मग पुढचं काम. मुलं आलेला मजकूर (जेसन) आधी फोडून वाचतात आणि मग त्याचा परत मजकूर बनवतात, एखादी स्पेस बदलते, सिग्नेचर जुळत नाही, आणि कंटाळून तपासणीच बंद करून टाकतात. याचा मला मनापासून राग येतो. सिग्नेचर न तपासणारा वेबहूक म्हणजे ज्याला तो पत्ता कळेल त्याला फुकट माल.

दुसरी आवडती चूक पैशांची, म्हणजे अक्षरशः पैशांची. आपल्याकडचे बरेच गेटवे रक्कम पैशांत मागतात, ५०० रुपये म्हणजे ५००००. कोणी १०० ने गुणायचं विसरतो आणि पाच रुपयांत माल जातो. कोणी गुणतो पण फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यात. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० करून बघा, १९९८.९९९ असं लांबलचक काहीतरी येतं, पुढचं कापलं की १९९८, एक पैसा गेला आणि महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही. मी डेटाबेसमध्येच पैसे पूर्णांकात ठेवतो, रुपये फक्त स्क्रीनवर दाखवताना. आणि रक्कम सर्व्हरवर काढा, ब्राउझरने पाठवलेली रक्कम कोणीही बदलू शकतो.

सीक्रेट की, म्हणजे गेटवेने आपल्याला दिलेला गुप्त पासवर्ड, ॲपमध्ये किंवा गिटवर (कोड साठवायच्या जागी) टाकू नका, टाकली असेल तर आत्ताच बदला.

कार्ड नंबर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्येसुद्धा नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे दुकानदाराला तो साठवायची परवानगीच नाही, कार्ड सेव्ह करायचं तर टोकन, म्हणजे नंबरऐवजी वापरायचा कोड. सीव्हीव्ही तर कुठेच नाही.

ऑथराइज म्हणजे कॅप्चर नव्हे: ऑथराइजमध्ये रक्कम फक्त अडवली जाते, कॅप्चरमध्ये ती खरंच घेतली जाते. सेटिंग न बघता लाइव्ह गेलात तर पैसे आपोआप परत जातात आणि माल मात्र गेलेला असतो.

"बँक देईल परत पाच दिवसांत" हेही ऐकतो. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे खरा, पैसे कापले आणि दुकानदाराला कन्फर्मेशन आलं नाही तर पाच दिवसांत परत, पुढे उशिराला रोज १०० रुपये. पण गेटवेकडे पेमेंट सक्सेस असेल आणि आपल्याच कोडने ऑर्डर हरवली असेल तर बँकेला ते कळणार कसं, रिफंड आपणच करायचा.

लाइव्ह जायच्या दिवशी मी स्वतःच्या कार्डाने छोटी रक्कम भरतो, ओटीपी सबमिट केला की लगेच फोन एअरप्लेन मोडवर, आणि चहा घेऊन येतो. परत आल्यावर ऑर्डर पेड दिसली तरच क्लायंटला लिंक.